गोंदियाची थंडी आणि माझी खोबरेलाची बाटली

ही बाटली बघा. खोबरेल आहे, घाण्याचं, रत्नागिरीहून माहेरून आणलेलं. लग्नानंतरच्या पहिल्या डिसेंबरात एका सकाळी मी ही उलटी केली आणि थेंब पडेना, आत सगळं पांढरंफेक. मला वाटलं तेल बाद झालं. नवरा म्हणे बाद कसलं, गोठलंय. खोबरेल २४ अंशांच्या आसपास गोठतं, माहेरीही पहाटे कधीमधी जरा घट्ट व्हायचं पण चहा होईस्तोवर परत पातळ, आणि इथं कोनाड्यात ठेवलेली बाटली संक्रांत आली तरी तशीच.

आमचं गाव नवेगाव बांधच्या अलीकडे, गोंदिया जिल्हा. लग्न ठरलं तेव्हा ज्याने त्याने उन्हाळ्याची भीती घातली, विदर्भ म्हणजे ४५-४६, करपशील गो. थंडीबद्दल एक माणूस बोललं नाही! आणि आता हिवाळ्यात मोबाइलवर बातमी येते ना, राज्यात सगळ्यात कमी तापमान वगैरे, त्यात गोंदियाचं नाव हमखास असतं. मुंबईत २२ जानेवारी १९६२ ला पारा ७.४ वर गेला होता, तो तिथला विक्रम. इथं तेवढं झालं की लोक कान बांधतात आणि धानाच्या चुरण्याला, म्हणजे मळणीला, निघतात. नागपुरात तर २९ डिसेंबर २०१८ ला ३.५ होतं.

कारण तसं साधं आहे. कोकणात समुद्र शेजारी, दिवसभराची ऊब तो धरून ठेवतो आणि रात्री हळूहळू सोडतो, हवेत ओल असते. इथं समुद्र शेकडो किलोमीटर लांब, हवा कोरडी, आभाळ मोकळं, त्यामुळे सूर्य बुडाला की जमिनीतली सगळी उष्णता सरळ वर निघून जाते. दुपारी २८ आणि पहाटे ९, एकाच दिवसात. स्वेटर घालू की काढू तेच कळत नाही.

आता हे घर बघा. मातीच्या जाड भिंती, वर कवेलू म्हणजे कौलं, उंच छप्पर, मधल्या फटींतून वारा खेळता. हे सगळं मे महिन्यासाठी बांधलंय हो! थंडीचा विचार कोणी केलेलाच नाही. त्यामुळे डिसेंबरात भर दुपारी घर गार आणि अंगण गरम, आणि मी शहाणी पहिले पंधरा दिवस पुण्याहून घेतलेलं महागाचं जॅकेट घालून आत बसलेली. सासूबाई शेवटी दारात येऊन म्हणाल्या, "घरात बसून काहून कुडकुडतं वं, बाहेर ये ना."

तेव्हा लक्षात आलं की इथली माणसं कपड्यांनी थंडी काढत नाहीत, वेळेने काढतात. सकाळी सहाला मी आंघोळीला निघाले (माहेरची सवय, दुसरं काय) तर सासूबाई पाणी तापवायच्या गुंडाखाली लाकूड सारत म्हणतात, "एवढ्या सकाळी आंघोळ करून कोणाले दाखवतं? उन येऊ दे." आंघोळ अकराला. भाजी निवडणं, तांदूळ पाखडणं, पोरांचा अभ्यास, सगळं अंगणात, आणि खाटा उन्हाबरोबर सरकत जातात. वाकळ दुपारभर उन्हात टाकायची आणि चारच्या आत घडी करून आत आणायची, म्हणजे रात्री अंगावर घेताना तिच्यात ऊब असते. मी एकदा विसरले. दहिवर पडलेली वाकळ अंगावर घेऊन झोपणं काय असतं ते मलाच माहीत.

टाचांचं मात्र काही विचारू नका. दमट हवेत वाढलेली कातडी, इथं आठवड्यात भेगा. क्रीमच्या दोन ट्यूब संपल्या, मग सासूबाईंनी मोहाच्या बियांचं तेल, इथं टोळीचं तेल म्हणतात, चुलीवर पातळ करून लावलं. हो, तेही गोठतं. ते बघून मला जरा बरं वाटलं.

हा आमच्या गावचा मामा तलाव. मामा म्हणजे माजी मालगुजारी, जुन्या जमीनदारांच्या काळातला, मी आधी खरंच कुणाचा तरी मामा समजत होते. हिवाळ्यात या भागातल्या तलावांवर पट्टकादंब उतरतात, तिबेट-मंगोलियाकडून हिमालय ओलांडून येणारे. त्यांच्या हिशोबाने हे गरम गाव.

आणि हे शूटिंग मंडईच्या रात्रीचं. मंडई म्हणजे बाजार नव्हे, दिवाळीनंतरची गावजत्रा. तेव्हाच झाडीपट्टीत, म्हणजे पूर्व विदर्भाच्या या जंगलपट्ट्यात, नाटकांचा सीझन सुरू होतो, गडचिरोलीतल्या वडशाच्या नाटक कंपन्या गावोगाव येतात, नाटक रात्री उशिरा सुरू होतं ते थेट पहाटेपर्यंत. मी खुर्चीचं तिकीट काढू म्हटलं तर सासूबाईंनी ओढून खाली तणसावर, धानाच्या पेंढ्यावर, बसवलं. धानाच्या काड्या पोकळ, मधे हवा अडकून राहते, जमिनीचा गारठा वर येतच नाही. खुर्चीवाले कुडकुडत होते आणि आम्ही चौघी एका वाकळेत, शेंगदाणे खात. स्टेजवर हिरोईन पातळ साडीत विरहाचं गाणं म्हणत होती, मला गाण्यापेक्षा तिच्या अंगावरच्या काट्याची काळजी.

साडेपाचला पडदा पडला. मी उठून चपला शोधायला लागले तर आमच्या रांगेतलं कोणी हलेना. सासूबाईंनी हात धरून परत खाली बसवलं.

"बस थोडी. उन येऊ दे."