सिंह, खेकडा आणि दोन पऱ्या

नमस्कार, श्रोतेहो. क्वीन या ब्रिटिश रॉक बँडचं बोधचिन्ह कुठल्या जाहिरात कंपनीनं केलेलं नाही. ते काढलं बँडच्या गायकानं, फ्रेडी मर्क्युरीनं. त्याचं मूळ नाव फारुख बुलसारा. 1946 साली झांजिबारमध्ये पारशी कुटुंबात जन्मलेला हा मुलगा शिकला आपल्या पाचगणीच्या सेंट पीटर्स शाळेत. तिथल्या पोरांच्या 'हेक्टिक्स' बँडमध्ये तो पियानो वाजवायचा. 1964 मध्ये झांजिबारमध्ये क्रांती झाली आणि कुटुंब इंग्लंडला गेलं. पुढे लंडनच्या ईलिंग आर्ट कॉलेजात त्यानं ग्राफिक डिझाइनची पदविका घेतली. क्वीनचा पहिला अल्बम 1973 चा. त्याच्या थोडं आधी हे शिक्षण कामी आलं.

चिन्हाची मांडणी ब्रिटिश राजमुद्रेसारखी आहे. राजमुद्रेत ढालीच्या एका बाजूला सिंह, दुसऱ्या बाजूला एकशिंगी घोडा. फ्रेडीनं ढालीच्या जागी 'क्यू' हे रोमन अक्षर ठेवलं, त्याच्या पोटात मुकुट काढला आणि भोवती चौघांच्या राशी मांडल्या. आपण पत्रिकेत पाहतो ती चंद्ररास नव्हे, पाश्चात्त्य लोक जन्मतारखेवरून धरतात ती रास. ड्रमर रॉजर टेलर आणि बेसवादक जॉन डीकन दोघंही सिंह राशीचे, म्हणून दोन बाजूंना दोन सिंह. गिटारवादक ब्रायन मे कर्क राशीचा, म्हणून अक्षराच्या माथ्यावर खेकडा. आणि फ्रेडी स्वतः कन्या राशीचा, म्हणून पऱ्या.

मला या पऱ्यांपाशी थांबावंसं वाटतं. माणूस एक, पऱ्या दोन. एकच काढली असती तर चित्राचा तोल गेला असता. पण त्यांची जागा पाहा. सिंहांच्या खाली, आडोशाला, अगदी चिमुकल्या! स्टेजवर हजारोंची नजर खिळवून ठेवणारा हा गायक. पेन्सिल त्याच्याच हातात होती, तरी सिंहांचं बळ त्यानं दिलं ड्रमरला आणि बेसवादकाला. बेसवादक तर मैफलीत बहुतेकांच्या नजरेतही येत नाही. माझ्या मते यात मित्रांविषयीचा खरा आदर आहे.

या सगळ्यांवर पंख पसरलेला फिनिक्स आहे, राखेतून पुन्हा उठणारा. तो कुणा एकाची रास नाही, चौघांचा आहे.

1975 च्या 'अ नाइट ॲट दि ऑपेरा' अल्बमच्या पांढऱ्या मुखपृष्ठावर हे चिन्ह रंगांत झळकलं, पुढच्या वर्षी 'अ डे ॲट द रेसेस'च्या काळ्या मुखपृष्ठावर. दोन्हींवर पुढच्या बाजूला चौघांपैकी कुणाचाही फोटो नाही.