जप्तीच्या यादीत नसलेल्या वस्तू

अध्यक्ष महोदय आणि मित्रहो,

कर्जवसुलीच्या नावाखाली होणाऱ्या छळाविरुद्ध तक्रार कुठे आणि कशी करावी, हे सांगण्यासाठी आपण मला बोलावले आहे आणि ते मी सांगणारच आहे; परंतु त्याआधी एका वहीची हकिकत सांगणे मला आवश्यक वाटते, कारण अनेक वर्षे दिवाणी न्यायालयात वकिली करूनही या विषयाचे मर्म मला त्या वहीमुळेच उमगले.

माझ्या मावसबहिणीने यजमानांच्या शस्त्रक्रियेसाठी वैयक्तिक कर्ज घेतले होते. तिचे घर चालते ते शिवणकामावर. यजमान अंथरुणाला खिळले, कामे मागे पडली आणि तीन हप्ते थकले. एका रात्री साडेआठच्या सुमारास मी तिच्याकडे बसलो असताना दोन तरुण न विचारता बाहेरच्या खोलीत शिरले. त्यांतल्या एकाने खिशातून वही काढली आणि घरातल्या वस्तू उतरवून घ्यायला सुरुवात केली: टीव्ही, कपाट, शिलाई मशीन. मशीनवर अर्धवट शिवलेला ब्लाउज होता. तो पेनाच्या टोकाने बाजूला सारून त्याने मशीनवरचा नंबर टिपून घेतला. मग बहिणीच्या गळ्यातल्या मंगळसूत्राकडे पाहत विचारले, "हे किती ग्रॅमचं आहे?" पाणी घेऊन आलेला तिचा मुलगा तांब्या हातात धरून दारातच थबकला.

मी त्यांच्याकडे ओळखपत्र आणि कर्ज देणाऱ्या संस्थेचे अधिकारपत्र मागितले. दोन्हींपैकी काहीही त्यांच्याजवळ नव्हते. "उद्या जप्ती आणतो, नाहीतर पोलीस येतील," असे बजावून ते गेले आणि दुसऱ्या दिवशी बहिणीच्या नेहमीच्या गिऱ्हाइकांना फोन सुरू झाले.

आता त्या वहीशेजारी 1908 ची दिवाणी प्रक्रिया संहिता ठेवून पाहा. तिच्या कलम 60 मध्ये, न्यायालयाचा हुकूमनामा, म्हणजे पैसे देण्याचा निकाल, झाल्यावरही ज्यांना हात लावता येत नाही अशा वस्तूंची यादी आहे. ऋणको म्हणजे कर्जदार, त्याची पत्नी आणि मुले यांचे अंगावरचे कपडे, स्वयंपाकाची भांडी, अंथरूण-पांघरूण, कारागिराची हत्यारे आणि धार्मिक रूढीप्रमाणे स्त्रीला अंगावेगळे करता येत नाहीत असे दागिने तीत येतात. शिवणकामावर जगणाऱ्या बाईचे मशीन हे कारागिराचे हत्यार नव्हे, असे म्हणायला माझी जीभ रेटत नाही. म्हणजे प्रत्यक्ष न्यायालयाचा बेलिफ, म्हणजे जप्ती करणारा कर्मचारी, ज्या मंगळसूत्राकडे बोट दाखवू शकला नसता, त्याचे वजन तो पोरगा विचारत होता. राहिला टीव्ही आणि कपाट. ते जप्त होऊ शकते, हे खरे. पण त्यासाठी आधी दावा, मग हुकूमनामा आणि त्यानंतर बेलिफ अशी वाट आहे. वसुली एजंटाच्या वहीला कायद्यात काडीचीही किंमत नाही.

मग ती वही कशासाठी होती? शेजारच्या दारांमागे कान आहेत, गिऱ्हाइके बोलतील, मुलगा पाहतो आहे, हे त्या तरुणाला पक्के ठाऊक होते. तो पैशांऐवजी अब्रूवर टाच आणत होता. कर्जाच्या करारात बहिणीने अब्रू तारण ठेवलेली नव्हती, हे मी आज इतक्या आग्रहाने सांगतो आहे, कारण लाजेपोटी माणसे तक्रार करत नाहीत आणि छळ चालतो तो त्या गप्प बसण्याच्या आधारावर.

पोलिसांच्या धमकीविषयीही स्पष्ट बोलले पाहिजे. हप्ता थकणे हा गुन्हा नाही. केवळ दारिद्र्यामुळे, मनात कपट नसताना, पैसे देऊ न शकलेल्या माणसाला दिवाणी तुरुंगात, म्हणजे हुकूमनाम्याच्या वसुलीसाठीच्या कैदेत, टाकता येणार नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने 1980 मध्येच सांगितले. तो निकाल न्यायमूर्ती कृष्ण अय्यर यांचा होता. पैशाच्या हुकूमनाम्यासाठी स्त्रीला अटकच करता येत नाही, हे कलम 56 मध्ये आहे. मात्र धनादेश न वटल्यास फौजदारी खटला होऊ शकतो. तशी नोटीस आली तर 15 दिवसांत पैसे भरावेत, ती बाजूला टाकू नये. कर्ज फेडायचेच असते, त्याविषयी माझा वाद नाही.

संयोजकांची चिठ्ठी आली आहे, तेव्हा कबूल केलेला भाग थोडक्यात सांगतो. रिझर्व्ह बँकेच्या ऑगस्ट 2022 च्या परिपत्रकानुसार थकीत कर्जासाठी सकाळी आठच्या आधी आणि संध्याकाळी सातनंतर फोन करता येत नाही. सूक्ष्म वित्ताच्या, म्हणजे कमी उत्पन्नाच्या कुटुंबांना दिलेल्या विनातारण, कर्जांना त्याहून कडक, सकाळी नऊ ते संध्याकाळी सहा अशी वेळ घातलेली आहे. धमकावणे, चारचौघांत अपमान करणे, नातेवाईक, मित्र किंवा संदर्भासाठी नावे दिलेल्या माणसांना त्रास देणे, हे सारे निषिद्ध आहे आणि एजंटाच्या वागण्याची जबाबदारी कर्ज देणाऱ्या संस्थेवरच राहते. कर्ज देणाऱ्या ॲपला आपल्या फोनमधील संपर्कयादी वाचण्याची मुभा नाही.

तेव्हा आलेल्या प्रत्येक फोनची तारीख, वेळ आणि क्रमांक लिहून ठेवा, संदेश पुसू नका. संस्थेच्या तक्रार निवारण अधिकाऱ्याकडे लेखी तक्रार द्या आणि पोच घ्या. 30 दिवसांत उत्तर आले नाही किंवा आलेले उत्तर पटले नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे, म्हणजे कर्ज देणाऱ्या संस्थांविरुद्धच्या तक्रारी ऐकणाऱ्या अधिकाऱ्याकडे, जा. तिथे फी लागत नाही, वकीलही लागत नाही. धमकी दिली असेल किंवा घरात घुसले असतील, तर थांबू नका, पोलीस ठाण्यात जा. घर तारण असेल, तर सरफेसी, म्हणजे तारण मालमत्तेतून वसुली करण्याच्या, कायद्याखाली 60 दिवसांची नोटीस मिळते. तिला लेखी हरकत घ्या, संस्थेला 15 दिवसांत उत्तर द्यावे लागते, आणि ताबा घेण्याची कारवाई झाल्यास 45 दिवसांत कर्जवसुली न्यायाधिकरणाकडे अर्ज करता येतो.

बाहेर टेबलावर तक्रार अर्जाच्या प्रती ठेवल्या आहेत. बहिणीने दिलेलाच तो अर्ज आहे, नावे तेवढी काढली आहेत. वहीत टिपलेल्या वस्तूंचा परिच्छेद तसाच ठेवला आहे, तिथे आपापल्या घरात जे घडले ते लिहावे.