प्रेम तोलायचा तराजू

नमस्कार श्रोतेहो.

एका मालिकेतली कुठली जोडी खऱ्या प्रेमाची, हा आजचा विषय काहींना पोरकट वाटेल. पण ज्यांनी त्यावर रात्र रात्र जागून वाद घातले, मैत्र्या तोडल्या, त्यांच्यासमोर तसं म्हणायची माझी छाती नाही. ‘वन्स अपॉन अ टाइम’ ही अमेरिकन मालिका तुमच्यापैकी काहींनी पाहिली असेल. एबीसी वाहिनीवर 23 ऑक्टोबर 2011 ला ती सुरू झाली आणि सात पर्वं चालून मे 2018 मध्ये संपली. परीकथांमधली सगळी मंडळी एका दुष्ट राणीच्या शापामुळं मेन राज्यातल्या स्टोरीब्रुक नावाच्या गावात येऊन पडली आहेत, आणि आपण कोण होतो हेच विसरली आहेत. स्नो व्हाइट शाळेत शिकवते. रम्पलस्टिल्टस्किन, म्हणजे परीकथेतला तो सौदे करणारा जादूगार, जुन्यापान्या वस्तू गहाण ठेवून घेतो. स्नो व्हाइटची मुलगी एमा तान्ही असतानाच आपल्या जगात पाठवली गेली होती. ती 28 वर्षांची होऊन या गावात येते आणि गोष्ट सुरू होते.

आता या गोष्टीतला नियम ऐका. खऱ्या प्रेमाचं चुंबन कुठलाही शाप मोडतं. नियम म्हटला की पुरावा आला, आणि पुरावा म्हटला की वकील आलेच! या मालिकेचे चाहते मला नेहमी वकिलांसारखे वाटत आलेत. आपल्या पक्षकाराची जोडी खरी कशी, हे ते भाग क्रमांकासकट सांगतात.

गंमत म्हणजे परीकथांमध्येच हा नियम तितका पक्का नाही. ग्रिम बंधूंची स्नो व्हाइट चुंबनानं उठत नाही. तिची काचेची पेटी वाहून नेणारे ठेचकाळतात, धक्का बसतो आणि घशात अडकलेला सफरचंदाचा तुकडा बाहेर पडतो. राजपुत्राचं चुंबन तिच्या वाट्याला आलं ते डिस्नेच्या 1937 च्या चित्रपटामुळं. एबीसी ही डिस्नेचीच वाहिनी, तेव्हा चुंबनाचा नियम घरचाच.

पहिल्या पर्वाच्या शेवटी, मे 2012 मध्ये, लेखकांनी या नियमाला झकास वळण दिलं. एमाचा मुलगा हेन्री विष पोटात जाऊन निपचित पडलाय. ती त्याच्या कपाळाचा मुका घेते आणि सगळ्या गावाचा शाप उतरतो. राजपुत्र नाही, लग्न नाही, आईनं घेतलेला लेकराचा मुका! तिथंच थांबले असते तर वाद झालेच नसते. पण मग आला कॅप्टन हुक.

हुक म्हणजे पीटर पॅनच्या गोष्टीतला तोच समुद्री चाचा, इथं मात्र देखणा आणि डोळ्यांत काजळ घातलेला. तिसऱ्या पर्वात एमाच्या आठवणी पुसल्या जातात आणि ती न्यूयॉर्कमध्ये वेगळंच आयुष्य जगत असते. हुक तिचं दार ठोठावतो आणि काही सांगायच्या आत तिचं चुंबन घेतो, आठवण परत येईल या आशेनं. आठवण येत नाही, गुडघ्याचा तडाखा मात्र मिळतो. विरोधक म्हणाले, निकाल लागला, हे प्रेम खोटं. हुकवाले म्हणाले, अहो, जिला माणूसच आठवत नाही तिच्या मनात प्रेम कुठून असणार? मला विचाराल तर परक्या बाईला न विचारता धरल्यावर तडाखाच मिळायला हवा, नियम काहीही असो.

त्याच पर्वाच्या शेवटी एमाला कळतं की तिच्यापर्यंत पोचायला लागणारी जादूची शेंग मिळवण्यासाठी हुकनं आपलं जहाज देऊन टाकलं होतं. शेकडो वर्षं ज्या चाच्याचं दुसरं काही नव्हतं, त्यानं ते जहाज दिलं आणि बोलूनही दाखवलं नाही. हुक आणि एमाची जोडी खरी मानणारा गट स्वतःला ‘कॅप्टन स्वॉन’ म्हणवतो, स्वॉन हे एमाचं आडनाव. त्या गटाचा हा सगळ्यात मोठा पुरावा, आणि तो वजनदार आहे, हे मान्य करायला हवं.

दुसरा गट ‘स्वॉन क्वीन’चा. यांच्या मते खरी जोडी एमा आणि रेजिना यांची. रेजिना म्हणजे ती शाप देणारी राणी आणि हेन्रीला दत्तक घेऊन वाढवणारी आई. मालिकेनं ही जोडी कधीच जुळवली नाही. पण चौथ्या पर्वाच्या शेवटी, 2015 मध्ये, रेजिनाला वाचवण्यासाठी एमा सगळा अंधार, म्हणजे माणसाला गुलाम करणारी काळी शक्ती, स्वतःच्या अंगावर घेते. घेण्याआधी हुकला सांगते की माझं तुझ्यावर प्रेम आहे. प्रसंग एकच, आणि दोन्ही गट तोच पुरावा म्हणून पुढं करतात. कोर्टात असं झालं असतं तर न्यायाधीशांनी कपाळावर हात मारला असता.

चुंबनाच्या पुराव्यावर माझा स्वतःचा विश्वास उडाला तो रम्पलस्टिल्टस्किन आणि ‘ब्यूटी अँड द बीस्ट’मधली बेल यांच्यामुळं. पहिल्याच पर्वात बेल त्याचं चुंबन घेते आणि त्याचा शाप खरोखर उतरू लागतो, खवल्यांचा चेहरा माणसासारखा होतो. म्हणजे प्रेम सिद्ध. तो काय करतो? शक्ती जाईल म्हणून घाबरतो आणि तिला हाकलून देतो. पुढं तिच्याशी लग्न करतो तेही खोटा खंजीर तिच्या हाती देऊन, म्हणजे आपल्यावरची सत्ता तिला दिल्याचं नाटक करून. शेवटी तीच त्याला गावाच्या वेशीबाहेर घालवते. परीक्षा अव्वल नंबरानं पास, आणि संसार हा असा!

आता पाचव्या पर्वाकडे येतो, कारण सगळा वाद तिथंच पेटतो. अंधारात गेलेली एमा आणि हुक कॅमलॉटमध्ये, म्हणजे राजा आर्थरच्या नगरीत आहेत. हुक जखमी होऊन मरतोय. तो एमाला विनवतो, मला जाऊ दे, अंधाराच्या मार्गानं वाचवू नकोस, मी तेवढा खंबीर नाही. एमा ऐकत नाही. ती त्याला वाचवते, म्हणजे त्यालाही अंधाराचा गुलाम करते, आणि वर त्याची ती आठवण पुसून टाकते. त्याला कळतं तेव्हा तो सूडानं पेटतो आणि अखेर सगळ्यांना वाचवण्यासाठी मरण पत्करतो. मग एमा त्याला परत आणायला थेट पाताळात उतरते.

आपल्याकडे यम सावित्रीपुढं तराजू धरत नाही. ती चालत राहते, शहाणपणाचं बोलत राहते आणि तो एकेक वर देत जातो. इथं मात्र खरा तराजू आहे. एमानं आपलं हृदय काढून पारड्यात ठेवायचं. ती ठेवते आणि वेदनेनं कोसळते, तिकडं हुकला आगीच्या ज्वाळा घेरतात. हृदय उचलायचं की हुककडे धावायचं? ती हुककडे धावते. आग विझते, दार उघडतं. खरं प्रेम सिद्ध! आत माणसाला पुन्हा जिवंत करणारं अमृतफळाचं झाड असायला हवं. ते कधीच तोडलेलं आहे. पाताळाचा राजा हेडीस याची ती फसवणूक असते.

हुकवाल्या चाहत्यांना हा भाग प्रिय आहे, तराजूच बोलला म्हणून. मला वाटतं, तराजूनं चुकीची गोष्ट मोजली. एमा हुकला सोडू शकत नाही, एवढंच त्यानं मोजलं. पण सोडता न येणं हाच तर तिचा कॅमलॉटमधला दोष होता! त्यासाठीच हुकला दोनदा भोगावं लागलं.

पुरावा हवाच असेल तर तो तोडलेल्या झाडापाशी आहे. हुक तिला पुन्हा तेच सांगतो, तू जा. माझ्या मरणाचं निमित्त करून मनाला परत चिलखत घालू नकोस, असं वचन मागतो. आणि या वेळी एमा त्याचं ऐकते. रडते, पण त्याला खाली ठेवून वर निघून जाते. पहिल्या वेळी त्याच्या म्हणण्याला तिनं काडीची किंमत दिली नव्हती. त्यानंतरचा हा निरोप मला हजार चुंबनांपेक्षा पटतो.

लेखकांना तो फार काळ सोसला नाही. पुढच्याच भागात देवांचा राजा झ्यूस हुकला जिवंत करून परत पाठवतो आणि सहाव्या पर्वात दोघांचं लग्नही लागतं. त्याच पर्वाच्या अखेरीस एमा निपचित पडते तेव्हा तिला जागं करतो तो हेन्री, कपाळाचा मुका घेऊन. नवरा शेजारी असतानाही. यावर ‘कॅप्टन स्वॉन’ गट अजून खुलासे देतो आहे.

हुक परत आला नसता तर गोष्ट जास्त चांगली झाली असती, असं माझं मत आहे. पण हे मी आकाशवाणीच्या बंद खोलीत बसून बोलतोय म्हणून. त्यांच्या चाहत्यांच्या मेळाव्यात बोललो नसतो. नमस्कार.