दोन पॉइंट वीस म्हणजे किती?

नमस्कार मंडळी. आज एकच आकडा घेऊन बसलोय, 2.20. कर्नाटकात, निपाणीकडच्या उताऱ्यावर हा असला तर दोन एकर वीस गुंठे, म्हणजे अडीच एकर. कोगनोळी नाका ओलांडून महाराष्ट्रात कागलला गेलात आणि सातबाऱ्यावर हाच आकडा दिसला तर तो दोन हेक्टर वीस आर, जवळजवळ साडेपाच एकर. टिंब तेच की हो, जमीन मात्र दुपटीहून जास्त! आणि आपल्यात किती घरं आहेत ज्यांचं शेत इकडं आणि माहेर तिकडं, दोन्ही कागद एकाच ट्रंकेत.

1956 साल आपण सीमाभागातले कोणीच विसरत नाही. 1 नोव्हेंबरला बेळगाव म्हैसूर राज्यात गेलं, आणि त्याच वर्षी डिसेंबरात देशानं मेट्रिक मापांचा कायदा केला. शेर गेला, किलो आला, मैल गेला, सातबारा हेक्टर-आरवर गेला, पण कर्नाटकच्या पहाणीवर, म्हणजे तिथल्या उताऱ्यावर, आजही एकर-गुंठाच आहे आणि महाराष्ट्रात कागदावर आर असला तरी माणसं बोलतात गुंठ्यातच.

गुंठा हट्टानं टिकलेला नाही. 33 फूट लांब, 33 फूट रुंद, 1089 स्क्वेअर फूट. जुनी मोजणीची साखळीच 33 फुटांची, आणि तिचे भाग सोळा, त्यांना आणे म्हणायचे; गुंठ्याचेही सोळाच आणे. सोळाचं अर्धं आठ, मग चार, मग दोन, मग एक, चार भावांची वाटणी बांधावर उभं राहून तोंडी होते. शंभराचे अर्धे करत गेलं की तिसऱ्याच खेपेला साडेबारावर अडतं. हे माप वापरणाऱ्यांच्या सोयीचं आहे, म्हणून मला ते सोडवत नाही.

पण आर म्हणजे गुंठा नव्हे, मंडळी! आर 100 चौरस मीटर, गुंठा 101.17. एवढ्याशा फरकाकडं कोण बघतंय? आमच्या आत्यानं तिकडं एक एकर म्हणून शेत घेतलं, कागदावर 0.40 हेक्टर. पुरा एकर 0.4047 असतो. राहिले 47 चौरस मीटर, म्हणजे पाचशे स्क्वेअर फूट, दोन खोल्या आणि मागं परडं होईल एवढी जागा, जिचे पैसे तिनं मोजलेत. फसवलं कोणी नाही, दोघंही एकरच म्हणत होते.

इकडची चूक वेगळीच, 2.20 आणि 1.30 पोरं मोबाईलवर मिळवतात, 3.50 येतं. चाळीस गुंठ्यांना एकर, म्हणून उत्तर 4.10, चार एकर दहा गुंठे.

उतारा कुठल्या भाषेत हवा यावर आपण इतकी वर्षं बोलतोय, आणि बोललंच पाहिजे, त्याच्या सोबत हेही मागूया की दोन्ही राज्यांनी प्रत्येक कागदावर दोन्ही मापं शेजारी शेजारी छापावीत. तोवर आपणच लिहायचं. आत्याच्या सातबाऱ्याच्या झेरॉक्समागं मी परवा पेन्सिलीनं लिहिलं, 0.40 हेक्टर, सुमारे एकोणचाळीस गुंठे साडेआठ आणे.