मुंबईची सुहैली आणि आजची शिडाची बोट

१९६९ साली एक माणूस शिडाच्या बोटीतून एकट्याने, कुठेही न थांबता, पृथ्वीला फेरी मारून परत आला. आधी हे कुणालाच जमलं नव्हतं. रॉबिन नॉक्स-जॉन्स्टन. नाव कदाचित ऐकलं असेल, पण ती बोट आपल्या मुंबईत बांधलेली होती म्हटलं की लोक म्हणतात, काहीतरीच काय!

तीच ही सुहैली. ३२ फूट, सागवानाची, १९६४ साली पाण्यात उतरली. वाकसाने तासलेलं लाकूड, दोरीने फिरवायच्या गिरमिटाने पाडलेली भोकं, आणि डिझाइन तर तेव्हासुद्धा जुनंच, नॉर्वेच्या रेस्क्यू बोटींच्या घराण्यातलं, पुढून टोकदार तशीच मागूनही टोकदार.

आता हिच्याशेजारी तेवढ्याच लांबीची आजची फायबरची क्रूझिंग बोट उभी करून बघा. वरवर बघाल तर आजचीच आवडणार, त्यात वादच नाही. नाळ, म्हणजे बोटीचं पुढचं टोक, सरळ उभी, मागची बाजू रुंद, आत डबल बेडची केबिन, फ्रिज, आणि पुढचं शीड गुंडाळायचं तर बसल्या जागेवरून दोरी ओढली की झालं, लाटा अंगावर घेत पुढे जायला नको. सुहैलीत आत शिरलात तर अंग चोरूनच बसावं लागेल.

पण खरा फरक पाण्याखाली आहे. जुन्या बोटीची कील, म्हणजे बोट सरळ ठेवणारा तळाचा वजनदार कणा, लांबलचक, जवळपास पुढून मागपर्यंत, आणि सुकाणू तिलाच मागे जोडलेलं. आजच्या बोटीला पोटाखाली मधोमध एक अरुंद, खोल पातं, आणि सुकाणू वेगळं, मागे सुटं लटकणारं. त्यामुळे पाण्याला घासणारा भाग कमी, वेग जास्त, आणि वळते तर रिक्षासारखी, जागच्या जागी. जुनीला इंजिनवर रिव्हर्स घेऊन बघा, तिला वाटेल तिकडेच जाणार.

मांडव्याचंच घ्या ना. गेटवेपासून सात-साडेसात सागरी मैल. दुपारी वायव्येचा वारा सुटतो, जाताना तो पाठीशी असतो म्हणून मजेत जाता, परतताना तोच जवळपास तोंडावर. शिडाची बोट सरळ वाऱ्यात घुसत नाही, नागमोडी टॅक मारत, म्हणजे एकदा या बाजूला एकदा त्या बाजूला वळत, यावं लागतं. आजची बोट वाऱ्याच्या दिशेशी ४५ अंशांपर्यंत, कधी त्याहूनही जवळ जाते, सुहैलीच्या जातीची त्याच्या बरीच आधी अडते, म्हणजे तेवढंच अंतर कापायला कितीतरी जास्त फिरायचं, आणि त्यात ओहोटी लागलेली असेल तर ताजचा घुमट तासभर तिथल्या तिथेच. इथे जुनीची कितीही बाजू घ्या, ती हरतेच.

मग सुहैली ३१२ दिवस कशी निभावली? उत्तर परत त्या कीलमध्येच. ऑस्ट्रेलियाच्या आसपास तिची सेल्फ-स्टीअरिंगची, म्हणजे आपोआप सुकाणू धरणारी, यंत्रणा पार मोडली. आजच्या बोटीवर चाक सोडून चहा टाकायला खाली गेलात तर वर येईपर्यंत तोंड भलतीकडे, म्हणून ऑटोपायलट, त्याला बॅटरी, बॅटरीला सोलर, लांबतच जातं सगळं. सुहैली शिडं जुळवून दिली की आपली आपण वाट धरायची आणि माणूस झोपायचा. वेग सरासरी चार नॉट, म्हणजे ताशी चार सागरी मैल, बस.

अर्थात लाकूड म्हणजे देखभाल आलीच. त्याच सफरीत अटलांटिकमध्ये फळ्यांच्या सांध्यातून पाणी आत यायला लागलं, तर या बाबाने भर समुद्रात बुड्या मारून खालून सांध्यात कापूस ठासला, त्यावर कॅनव्हासची पट्टी मारली, वर तांब्याचा पत्रा ठोकला, आणि मध्येच शार्क घोटाळायला लागला तर वर येऊन त्याला गोळी घातली.

आणि जुनी बोट म्हणजे काही होतच नाही, असंही नाही हां. आपल्या नौदलातला अभिलाष टॉमी २०१८ च्या गोल्डन ग्लोब रेसमध्ये, म्हणजे जुन्या पद्धतीच्या बोटीतून एकट्याने पृथ्वीफेरी मारायच्या शर्यतीत, गोव्यात बांधलेली सुहैलीचीच प्रतिकृती घेऊन उतरला होता, थुरिया नावाची. दक्षिण हिंदी महासागरात वादळाने तिची डोलकाठी मोडली, त्याच्या पाठीला जबर मार बसला, आणि त्याला बोटीवरून उचलून आणावं लागलं.

मुंबईपुरतं बोलायचं तर आजच्या बोटीतली बरीचशी ऐट मरीनासाठी, म्हणजे बोटी धक्क्याला लावायच्या बंदरासाठी, आहे, आडवं सरकवायला पुढच्या टोकातला छोटा पंखा, बो थ्रस्टर, वगैरे. आपण गेटवेसमोर मूरिंगच्या बोयाला, म्हणजे तळाशी जखडलेल्या तरंगत्या पिंपाला, बांधणार आणि छोट्या होडीतून ये-जा करणार, तो थ्रस्टर दाखवायचा कुणाला? त्यापेक्षा कोळ्यांच्या जाळ्यांची काळजी करा. खुणेला थर्माकोलचा तुकडा नाहीतर प्लास्टिकचा कॅन, रात्री तो दिसत नाही आणि चार्टप्लॉटरवर, म्हणजे नकाशाच्या स्क्रीनवर, तर नाहीच नाही. लांब कीलखालून दोर बऱ्याचदा घसरून जातो. पातं आणि सुकाणूच्या मधे अडकला तर मग टॉर्च, सुरी आणि पाण्यात उडी.

तरी शनिवार-रविवारी मांडवा-अलिबाग करणाऱ्याने आजचीच घ्यावी असं माझं मत, फक्त सेकंडहँड घेत असाल तर पावसाळ्याआधी बोटी वर काढतात तेव्हाच जाऊन बघा. कील बोल्टने जिथे जोडलेली असते तिथे गंजाचे ओघळ आलेत का, सुकाणू हाताने हलवलं तर खडखडतंय का. विकणारा आधी म्युझिक सिस्टिम आणि फ्रिज दाखवेल, दाखवू दे.