येळ्ळूरच्या मामांना दाखवलेला जोनाह लोमू

नमस्कार मंडळी! बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडी, जिथं कुठं रेडिओ लावून बसलायसा तिथं सगळ्यांना नमस्कार. आज रग्बीवर बोलणार म्हटल्यावर आमच्या घरातच हसले, म्हणे आपल्याकडं कुस्ती, कबड्डी नि क्रिकेट सोडून हे कोण ऐकतंय.

पण झालं काय, माझे मामा येळ्ळूरचे, तरुणपणी लाल मातीत घुमलेले, आणि आता आठवड्यातनं तीनदा डायलिसिस. एकदा मशीनला लावलं की चार-चार तास हलायचं नाही, मग मी शेजारी बसतो आणि मोबाईलवर काहीबाही दाखवत असतो. एक दिवस न्यूझीलंडचा रग्बी खेळाडू जोनाह लोमू लावला.

18 जून 1995, केप टाऊन, वर्ल्डकपची सेमीफायनल, न्यूझीलंड विरुद्ध इंग्लंड. लोमूचं वय 20, उंची साडेसहा फुटाला जराच कमी, वजन 120 किलोच्या आसपास आणि पळतोय मात्र असा की बारकी पोरं मागं पडावीत. मॅच सुरू होऊन दोनेक मिनिटं झालेली, ह्याच्याकडं बॉल आला, दोघा-तिघांना मागं टाकलं, जरा तोल गेला, आणि पुढं उभा असलेल्या इंग्लंडच्या माईक कॅटच्या थेट अंगावरनं गेला की हो! मामा उठून बसायला लागले, नर्स ओरडली. "अरे ह्याला पट काढून पाडायचा की," मामा म्हणाले. आता रग्बीत टॅकल म्हणजे जवळजवळ तेच, कॅट त्यासाठीच तर वाकला होता! त्या मॅचला लोमूनं 4 ट्राय केले, स्कोअर 45-29. ट्राय म्हणजे समोरच्याची रेषा ओलांडून बॉल जमिनीला टेकवायचा, त्याचे 5 पॉइंट. आणि गंमत अशी की हातानं पास द्यायचा तो मागंच, पुढं द्यायचा नाही, म्हणून पुढं जायचं तर कुणीतरी बॉल काखेत घेऊन माणसांतनं घुसावंच लागतं.

पोरगा ऑकलंडचा, आई-बाप टोंगा बेटांवरचे. शाळेत पुढच्या फळीत खेळायचा, विंगची, म्हणजे कडेनं पळणाऱ्याची जागा तर नंतर शिकला. 1994 ला 19 वर्षांचा असताना ऑल ब्लॅक्समधे, म्हणजे न्यूझीलंडच्या टीममधे आला, त्यांच्यातला सगळ्यात लहान वयाचा टेस्ट खेळाडू (रग्बीत टेस्ट म्हणजे देशादेशांतली मॅच), पण फ्रान्सकडून दोन्ही मॅच हरले, ह्याच्या चुका निघाल्या आणि डच्चू मिळाला. पुढच्याच वर्षी तो वर्ल्डकप. फायनल हरले म्हणा, दक्षिण आफ्रिकेनं जादा वेळेत 15-12 नं घेतली, मंडेला कॅप्टनची 6 नंबरची जर्सी घालून मैदानात आले ती हीच मॅच. आणि लोमूनं आख्ख्या करिअरमधे दक्षिण आफ्रिकेविरुद्ध टेस्टमधे एकपण ट्राय केलेला नाही, कुणाला पटत नाही पण खरं आहे.

मामांना मी मुद्दाम हे सगळं आधी सांगितलं. मग म्हटलं, मामा, ह्याला किडनीचाच त्रास होता.

गप्प झाले.

नेफ्रोटिक सिंड्रोम. किडनीच्या गाळणीतनं प्रोटीन लघवीवाटे निघून जातं, अंगाला सूज येते, थकवा तर विचारू नका. पैलवानाला खुराक द्यायचा आणि तो भोकाच्या घागरीत ओतल्यासारखा, तसं काहीसं. 1997 चं बरंचसं वर्ष उपचारातच गेलं, 1998 ला कॉमनवेल्थमधे सेव्हन्सचं, म्हणजे सात-सात जणांच्या रग्बीचं गोल्ड, 1999 च्या वर्ल्डकपला 8 ट्राय. 1995 चे 7 धरून 15 झाले. एकूण 63 टेस्ट, 37 ट्राय. माझं स्वतःचं मत विचाराल तर 1995 पेक्षा 1999 चा लोमू मोठा, कारण आतनं काय चाललंय ते त्यालाच ठाऊक, बघणाऱ्याला नुसता डोंगर पळताना दिसतोय.

2003 ला डायलिसिस, आठवड्यातनं तीनदा. "आपल्यासारखंच की गा," मामा हळूच म्हणाले. 2004 च्या जुलैत ट्रान्सप्लांट झालं, आणि किडनी कुणी दिली माहिताय? ग्रँट केरेआमा, वेलिंग्टनचा रेडिओ प्रेझेंटर! हे वाचलं तेव्हा मीच दोन मिनिटं नुसता बसून राहिलो, आम्ही लोक माईकपुढं बसून तोंडाची वाफ दवडतो असं ऐकायची सवय, आणि हा गडी एक किडनी देऊन मोकळा.

"परत खेळला का?" मामांचा प्रश्न.

खेळला की. 2005 च्या शेवटी वेल्समधे कार्डिफ ब्लूजकडनं उतरला. ऑल ब्लॅक्समधे मात्र परत नाही, तिथली शेवटची टेस्ट 2002 चीच, तीपण कार्डिफलाच झालेली. पुढं 2011 ला ती किडनी शरीरानं नाकारली, पुन्हा डायलिसिस, आणि 18 नोव्हेंबर 2015 ला ऑकलंडमधे गेला, वय 40.

हे शेवटचं मी मामांना सांगितलेलं नाही. मशीनचा वेळ संपत आला होता, नर्स सुया काढायला आली, आणि मामा तिलाच मोबाईल दाखवायला लागले, "बघ बाई, ह्यो पण आमच्यातलाच." मामा आता हे ऐकत असतील तर, मामा, शनिवारी येतो, तेव्हा बोलू.