वाटेतली घरं

(ओला डांबरी रस्ता, दोन्ही बाजूंना शेतं. हेल्मेटवरच्या कॅमेऱ्यातून.)

समोरच्या कारनं आम्हाला वाट दिली. आता माझ्या पुढच्या बाईकवाल्याचा उजवा पाय बघा. त्यानं तो उचलून बाजूला लांब केला. फ्रान्समध्ये याचा अर्थ 'आभार'. उजवा हात ॲक्सिलरेटरवर गुंतलेला, म्हणून आभार पायानं. चुकून कुणाला पाय लागला तरी नमस्कार करणारे आपण. मला हे जमायला दोन दिवस लागले. समोरून येणाऱ्या बाईकवाल्याला मात्र डाव्या हाताची दोन बोटं.

उत्तर फ्रान्समधलं लील ते दक्षिणेतलं मियो. मोटरवेनं हे अंतर एका दिवसात संपलं असतं. पण माझ्या मित्रांची घरं मोटरवेवर नाहीत. ती 'डी' क्रमांकाच्या जिल्हा रस्त्यांवर आहेत. तिथे वेग ताशी 80, काही जिल्ह्यांत 90. आणि गावात खूण नसलेल्या चौकात उजवीकडून येणाऱ्याचा हक्क आधी, मग तो गल्लीतून ट्रॅक्टर घेऊन का येईना.

(गोल भिंत, उंच स्तंभ.)

लीलची मैत्रीण मला पहिल्यांदा इथे घेऊन आली. नव्ह-शापेल. 1927 साली उभारलेल्या या स्मारकावर पहिल्या महायुद्धातल्या 4,700हून अधिक भारतीय सैनिकांची आणि मजुरांची नावं आहेत. ज्यांची कबरही सापडली नाही, असे. 28 ऑक्टोबर 1914 रोजी या गावावर चालून गेलेल्यांत 47व्या शीख पलटणीबरोबर सॅपर्सच्या दोन कंपन्या होत्या. आमच्या पुण्याच्या खडकीच्या. सॅपर्सचं काम पूल बांधायचं, खंदक खणायचं. त्या दिवशी ते पायदळासारखे लढले.

मैत्रीण नावं मोठ्यानं वाचत होती. फ्रेंचमध्ये 'ह'चा उच्चार होत नाही. तिनं गाळलेला प्रत्येक 'ह' मी परत म्हणत होते. पाऊस आला, तरी आम्ही भिंत सोडली नाही.

(हिरवं पठार, गुरांच्या घंटांचा आवाज.)

ओब्राक. इथल्या गाईंचे डोळे पाहा, काजळ घातल्यासारखे! मे अखेरीस त्यांना फुलांनी सजवून, घंटा बांधून वरच्या कुरणांवर नेतात. इथल्या मित्राच्या आईनं विचारलं, तुमच्याकडे असं करतात का? मी फोनवर बैलपोळ्याचे फोटो दाखवले. शिंगांना लावलेला रंग त्या बराच वेळ बघत राहिल्या.

मग त्यांनी आलिगो केलं. उकडलेल्या बटाट्यात लोणी, साय, लसूण आणि ताजं तोम चीज. लाकडी पळीनं घोटत राहायचं, हाताला रग लागेपर्यंत. पळी वर उचलली की तार हातभर लांब आली पाहिजे. माझी दोनदा तुटली. त्यांनी पळी काढून घेतली नाही, फक्त भांडं घट्ट धरलं.

(दरीवर पूल.)

मियोचा पूल. 2004 साली खुला झाला, सर्वांत उंच खांबाचं टोक 343 मीटरवर. त्याआधी उन्हाळी सुटीत सगळी वाहनं गावातूनच जात. शेवटच्या घरातला मित्र त्या कोंडीत लहानाचा मोठा झाला. तो मला पुलावरून नाही, पुलाखालून घेऊन गेला, तार्न नदीच्या काठानं.

निघताना तो त्याची बाईक काढून वेशीपर्यंत आला. इथली वेस म्हणजे गावाबाहेरचा गोल चौक. मी सरळ गेले. आरशात पाहिलं, तर तो चौकाला पूर्ण वळसा घालून घरी परतत होता.

उजवा पाय लांब केलेला.